अवायुजीवी जंतूंचे संसर्ग आणि त्यांचे निदान

ज्या प्राणवायूवाचून आपण काही मिनिटेही जगू शकत नाही, तोच ज्यांना विषासारखा मारक ठरतो, अशा सूक्ष्म जंतूंना अवायुजीवी जंतू म्हणतात. दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत त्यांना ‘ॲनेरोब’ या सुटसुटीत नावाने ओळखतात. या जंतूंपासून होणारे रोग नवे नाहीत. त्यांपैकी धनुर्वात तर खेड्यापाड्यांत सर्वांना नावाने माहीत आहे. तरीही या संसर्गांचे निदान पुष्कळदा हुकते, कारण जंतू प्रयोगशाळेत पोचण्यापूर्वीच मेलेला असतो. या लेखात मला मुख्यत्वे एवढेच सांगावयाचे आहे की, या रोगांचे निदान सूक्ष्मदर्शकापाशी सुरू होत नाही. ते रोग्यापाशी, योग्य वेळी संशय घेण्यापासून आणि नमुना नीट घेण्यापासून सुरू होते. हा विषय शिकविताना मी गोव्याच्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवतो. येथेही तसेच केले आहे.

हे जंतू राहतात कोठे?

पेडणे तालुक्याच्या एका अंगाला शापोरा आणि दुसऱ्या अंगाला तेरेखोल नदी वाहते. या नद्यांच्या काठच्या खाजन शेतांत पाय घातला की वरचा करडा थर फाटून खालचा काळा चिखल वर येतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा आणि वास हायड्रोजन सल्फाइडचा. दोन्ही गोष्टी प्राणवायूशिवाय सल्फेटवर गुजराण करणाऱ्या जंतूंच्या करणीने होतात. हे जंतू सहसा माणसाला रोग करीत नाहीत. पण जमिनीत बोटभर खोलीवर हवेचे राज्य कसे संपते, हे त्यांच्यावरून समजते. डिचोलीकडची तांबडी माती, तेथील शेते, गोठे, शेणखताचे ढीग यांतही अशा हवाहीन जागा असंख्य आहेत. धनुर्वाताचा आणि वायुकोथाचा जंतू अशाच मातीत व गुरांच्या शेणात असतो.

प्रश्न असा पडतो की, प्राणवायू ज्यांना मारक, ते जंतू उघड्या रस्त्याच्या धुळीत टिकतात कसे? याचे उत्तर बीजाणूंत आहे. क्लॉस्ट्रिडियम कुळातील जंतू प्रतिकूल काळात जाड कवचाचा बीजाणू तयार करून निजून राहतात. बीजाणूला हवेचे भय नाही, उन्हाचे फारसे नाही आणि साध्या उकळण्यालाही तो कित्येकदा दाद देत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेची हत्यारे दाबाखालील वाफेत १२१ अंश सेल्सिअसवर निदान १५ मिनिटे ठेवावी लागतात.

दुसरा मोठा साठा मात्र आपल्याच शरीरात असतो. हिरड्यांच्या कडा, मोठे आतडे आणि स्त्रियांचा जननमार्ग येथे अवायुजीवी जंतूंची दाट वस्ती असते. मोठ्या आतड्यात तर हवेत वाढणाऱ्या जंतूंपेक्षा त्यांची संख्या सुमारे हजारपट असते. बॅक्टेरॉइड्स, प्रीव्होटेला, फ्युसोबॅक्टेरियम, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस ही त्यांतील प्रमुख नावे. आपापल्या जागी ते निरुपद्रवी असतात. अपेंडिक्स फुटले, आतड्याला भोक पडले, किंवा बेशुद्धावस्थेत तोंडातील लाळ फुप्फुसात उतरली, म्हणजे तेच जंतू जागा बदलतात आणि पू धरतो.

प्राणवायू त्यांना का सोसत नाही, हेही थोडक्यात पाहू. प्राणवायूच्या वापरातून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असे दाहक पदार्थ निर्माण होतात. आपल्या पेशींत त्यांची विल्हेवाट लावणारी विकरे भरपूर असतात; अवायुजीवी जंतूंत ती नसतात किंवा अपुरी असतात. लुई पाश्चर यांनी १८६१ साली ब्युटिरिक आम्लाचे किण्वन अभ्यासताना पाहिले की, काचपट्टीवरच्या थेंबाच्या कडेला, जेथे हवा लागते तेथे, जंतूंची हालचाल थांबते. थेंबाच्या मध्यभागी मात्र ते फिरत राहतात. या शाखेचा आरंभ त्या एका थेंबातून झाला.

संशय केव्हा घ्यावा?

पुढील खुणांपैकी एखादी जरी दिसली तरी या जंतूंची आठवण व्हावी.

पहिली खूण दुर्गंधीची. पुवाला घाणेरडा, कुजकट वास येत असेल तर तो बहुधा अवायुजीवी जंतूंनी तयार केलेल्या आम्लांचा व अमाइनांचा असतो. पण याचा उलटा अर्थ काढू नये. वास नसला म्हणून हे जंतू नाहीत असे ठरत नाही. दुसरी खूण जागेची : तोंड, आतडे, गर्भाशय यांच्या जवळपासचे गळू. तिसरी, मृत व काळवंडलेले मांस. चौथी, कातडीखाली वायू. बोटाने दाबले असता तेथे बारीक करकर लागते. पाचवी, माणसाच्या किंवा जनावराच्या चाव्याची जखम. सहावी, जेंटामायसिनसारखे औषध देऊनही उतार न पडणे, कारण त्या औषधाला जंतूच्या आत शिरण्यासाठी प्राणवायूची गरज असते. आणि सातवी, प्रयोगशाळेच्या दृष्टीने सर्वांत बोलकी खूण : ग्रॅम रंजनात जंतू स्पष्ट दिसतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही.

आता दोन काल्पनिक उदाहरणे घेऊ.

समजा, पेडण्यातील एका शेतकऱ्याच्या पायात बांधावर काम करताना खुंट रुतला. जखम लहान होती, वरून भरूनही आली. आठ दिवसांनी त्याचा जबडा आखडला. घरच्यांना वाटले की दाढ सुजली. पुढे मान आणि पाठ ताठ झाली, आणि दाराचा आवाज झाला तरी झटके येऊ लागले. पण शुद्ध मात्र पूर्ण शाबूत. हा धनुर्वात होय. येथे कल्चरची वाट पाहणे चुकीचे आहे. जखमेतून जंतू मिळतो तो थोड्याच रोग्यांत. आणि मिळाला तरी तेवढ्याने रोग सिद्ध होत नाही, कारण नुसत्या मळलेल्या जखमेतही तो असू शकतो. निदान डोळ्यांनी आणि हातांनी करावयाचे असते. घशाच्या मागील भिंतीला चपट्या पट्टीने हळूच स्पर्श केला असता निरोगी माणसाला उमासा येतो. धनुर्वाताचा रोगी मात्र ती पट्टी दातांत घट्ट धरतो. कोकण-गोव्याच्या रानांत काजऱ्याची झाडे आहेत. त्याच्या बीमधील स्ट्रिक्निन या विषानेही असेच झटके येतात. फरक असा की, त्या विषबाधेत दोन झटक्यांच्या मधल्या वेळात स्नायू सैल पडतात. धनुर्वातात ताठरपणा कायम राहतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या रोगातून वाचलेल्याला त्यामुळे प्रतिकारशक्ती येत नाही. त्यालाही लस द्यावीच लागते.

दुसरे उदाहरण डिचोलीचे. साठीतला एक मधुमेही गृहस्थ. पायाच्या अंगठ्याजवळ जुनी जखम. संवेदना कमी झाल्याने दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष झालेले. आता पाय सुजला आहे आणि खोलीत शिरताच वास येतो. हे उदाहरण काल्पनिक असले तरी विरळ मुळीच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. अशा जखमेत एकच जंतू क्वचित असतो. हवेत वाढणारे जंतू उरलासुरला प्राणवायू संपवितात आणि अवायुजीवी जंतूंना घर तयार करून देतात. वरवर कापसाचा बोळा फिरवून नमुना पाठविला, तर अहवालात फक्त पहिल्या प्रकारचे जंतू येतात. औषध त्यांच्यापुरते दिले जाते, खोलवरचे मांस सडत राहते आणि अखेर बोटावर किंवा पायावर बेतते.

वायुकोथाची गोष्ट याहून निकडीची. चिरडलेल्या, मातीने भरलेल्या जखमेत एक-दोन दिवसांत जखमेच्या मानाने फार जास्त वेदना सुरू होतात. कातडी तांबूस-कांस्य रंगाची होते, फोड येतात, वायू जाणवतो. ग्रॅम रंजनात जाड, आयताकृती, जांभळे दंडाणू पुष्कळ आणि पूपेशी फार थोड्या दिसतात, कारण जंतूचे विष त्या पेशींनाच विरघळविते. एवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशीच्या अहवालासाठी थांबल्यास रोगी हातचा जातो.

नमुना कसा घ्यावा?

पेडण्याहून काय किंवा डिचोलीहून काय, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय तीस-पस्तीस किलोमीटरांवर आहे. आपल्याला हे अंतर थोडे वाटते; पण कापसाच्या बोळ्यावर बसलेल्या अवायुजीवी जंतूला ते फार लांब पडते. बोळ्याच्या धाग्याधाग्यांत हवा असते आणि पू सुकत जातो. म्हणून गळवावरील कातडी स्वच्छ करून सुई-सिरिंजने आतला पू ओढून घ्यावा, किंवा जखमेच्या खोल भागातील मांसाचा तुकडा घ्यावा. सिरिंजमधील हवा काढून टाकून पू लगेच अवायुजीवी वाहक माध्यमाच्या बाटलीत सोडावा. पू जितका अधिक, तितके जंतू सुरक्षित. नमुना बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण गार द्रवात प्राणवायू अधिक विरघळतो. खोलीच्या तापमानालाच तो ताबडतोब रवाना करावा. सोबतच्या कागदावर जखमेची जागा, वास, चालू औषधे आणि ‘अवायुजीवी कल्चर हवे’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. थुंकी, घशाचा बोळा किंवा योनिमार्गाचा बोळा यांचे असे कल्चर करण्यात अर्थ नसतो; तेथे हे जंतू मुळातच असतात.

प्रयोगशाळेतील काम

नमुना आल्याबरोबर त्याचा रंग व वास पाहावा आणि ग्रॅम रंजन करावे. काही प्रीव्होटेला व पॉर्फिरोमोनास जंतू असलेला पू अतिनील प्रकाशात विटेसारखा लाल चमकतो. नंतर रक्तयुक्त अगारच्या दोन बशा पेरावयाच्या, एक हवेत आणि एक अवायुजीवी बरणीत. शिवाय रॉबर्टसनच्या शिजविलेल्या मांसाच्या माध्यमाची एक नळी. बरणीत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण करणारे पाकीट ठेवतात. पॅलॅडियमच्या सान्निध्यात हायड्रोजनचा प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते. मिथिलीन ब्ल्यूची पट्टी रंगहीन झाली की बरणी खऱ्या अर्थाने हवाहीन झाली असे समजावे.

परीक्षेत पुष्कळ विद्यार्थी बरणीत मेणबत्ती लावण्याची पद्धत येथे लिहितात. ती चूक आहे. मेणबत्ती विझते तेव्हाही बरणीतील बराचसा प्राणवायू शिल्लकच असतो. वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. ती पद्धत इतर काही जंतूंसाठी आहे.

बरणी ४८ तासांपूर्वी उघडू नये. हे जंतू सावकाश वाढतात. बरणीत वाढलेली प्रत्येक वसाहत पुन्हा हवेत पेरून पाहावी. हवेत वाढली नाही तरच ती खरी अवायुजीवी. मेट्रोनिडॅझोलच्या चकतीभोवती वाढ थांबली तर पुरावा बळकट होतो. आता मोठ्या प्रयोगशाळांत प्रथिनांच्या वस्तुमानावरून जंतूचे नाव मिनिटांत सांगणारी यंत्रे आहेत. पण वाटेत मेलेल्या जंतूची वसाहतच उगवत नाही, मग यंत्रापुढे ठेवणार काय?

मुल्कोवालची बाटली

जंतू कोठे आणि केव्हा शिरला, या प्रश्नाला किती महत्त्व आहे हे मुंबईशी निगडित असलेल्या एका प्रकरणावरून दिसेल. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस परळच्या प्रयोगशाळेत तयार होई. १८९८ साली हुबळीत तिची मोठी मोहीम झाली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले.

त्यांच्या बाजूने रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी मांडलेला युक्तिवाद आजच्या विषयाचाच आहे. बाटली परळला भरल्यानंतर कित्येक आठवड्यांनी उघडली गेली. बीजाणू परळलाच शिरला असता, तर त्या द्रवात तो वाढून दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. उलट बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. अखेर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. त्याच परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव दिले गेले. पण एका कर्त्या शास्त्रज्ञाची ऐन उमेदीची वर्षे यात गेली, हे विसरता येत नाही.

भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांचा तो विजय आहे. माती मात्र तीच आहे आणि बीजाणूही तिच्यात आहेतच. आणि शरीरातील अवायुजीवी जंतूंवर तर लसही नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. खोल, मळलेली किंवा दुर्गंधीयुक्त जखम दिसताच संशय घ्यावा. बोळ्याऐवजी पू किंवा मांस पाठवावे. आणि ‘जंतू वाढले नाहीत’ असा अहवाल आला तर ग्रॅम रंजनात काय दिसले होते ते विचारल्याशिवाय तो कागद फाइलीला लावू नये.