जनुकांवरील खुणा

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची अन्नरसद रोखून धरली. माणशी दिवसाला हजार उष्मांकांहूनही कमी अन्न मिळू लागले. हजारो लोक मृत्युमुखी पडले. या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, अशा काही व्यक्तींच्या रक्ताची सुमारे सहा दशकांनी तपासणी झाली. वाढीशी निगडित असलेल्या एका जनुकावर मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आईच्या उपासमारीची नोंद मुलांच्या पेशींत साठ वर्षे टिकून राहिली होती!

जनुकांची अक्षरे मात्र बदललेली नव्हती. छापील मजकूर तोच असावा, पण कोणता परिच्छेद वाचावा व कोणता गाळावा याच्या खुणा समासात केलेल्या असाव्यात, तसे हे आहे. या खुणांच्या अभ्यासास एपिजेनेटिक्स म्हणतात.

अशा खुणा रोगामुळेही बदलतात. काही रक्तविकारांत पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालणारी जनुके मिथाइल खुणांच्या दाटीने मूक होतात. परंतु अक्षर बदलण्यापेक्षा खूण पुसणे सोपे. अ‍ॅझासायटिडीन हे औषध नव्याने निर्माण होणाऱ्या पेशींतील या खुणा कमी करते. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या विकारासाठी अमेरिकेत २००४ साली त्यास मान्यता मिळाली. त्याने रोग सहसा समूळ बरा होत नाही. शिवाय हे औषध हव्या त्या एकाच जनुकावरील खूण निवडून पुसू शकत नाही, ही त्याची मोठी उणीव होय.