चेहरा वाचणारे यंत्र

मनाची अवस्था सांगताना मराठी मनुष्य पुष्कळदा चेहऱ्याचेच वर्णन करतो. निराश झालेल्याचा चेहरा पडतो. न रुचणारी गोष्ट पुढे आली की कोणी नाक मुरडतो. रागावलेला डोळे वटारतो, आणि नवल वाटले की भुवया उंचावतात. हे वाक्प्रचार रूढ करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी माणसांचे चेहरे किती बारकाईने न्याहाळले असतील! मुलांनो, आज हे न्याहाळण्याचे काम संगणकाकडे सोपविले जात आहे. कॅमेऱ्यापुढील मनुष्य आनंदी आहे की खिन्न, भयभीत आहे की संतप्त, हे सांगू पाहणाऱ्या संगणक-प्रणाली तयार झाल्या आहेत. त्यांचे सांगणे कितपत खरे मानावे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

या विद्येचा आरंभ संगणकाच्या पुष्कळ आधी झाला. द्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने चेहऱ्याच्या निरनिराळ्या स्नायूंना विजेचा प्रवाह लावून पाहिला आणि त्यामुळे उमटणाऱ्या मुद्रांची छायाचित्रे १८६२ साली प्रसिद्ध केली. खऱ्या हसण्यात केवळ ओठांचे कोपरे वर जात नाहीत, तर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, हे त्याने दाखविले. हा दुसरा स्नायू मनुष्याच्या इच्छेला जुमानत नाही, असे त्याचे मत होते.

ही छायाचित्रे चार्ल्स डार्विनच्या हाती आली. त्याने एक साधा प्रयोग केला. त्यांतील निवडक चित्रे त्याने वीसहून अधिक सुशिक्षित स्त्री-पुरुषांना दाखविली व चित्रातील व्यक्तीच्या मनात कोणता भाव असावा, असे विचारले. कोणताही खुलासा मात्र केला नाही. काही चित्रांविषयी बहुतेकांचे एकमत झाले, तर काहींविषयी उत्तरे अगदी भिन्न आली. डार्विनने स्वतःविषयीही एक गोष्ट नमूद केली आहे. द्युशेनचे स्पष्टीकरण वाचीत चित्रे पाहिली तेव्हा ती त्याला हुबेहूब वाटली. परंतु ते स्पष्टीकरण नसते, तर आपणही इतरांसारखेच गोंधळलो असतो, असे तो म्हणतो. १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील हा भाग मला फार मोलाचा वाटतो. नाव आधी कानी पडले की चेहरा त्या नावासारखा दिसू लागतो!

पुढे १९७८ साली पॉल एकमन व वॉलेस फ्रीझन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींची जणू वर्णमालाच तयार केली. प्रत्येक सुट्या हालचालीला त्यांनी क्रमांक दिला. भुवया खाली ओढल्या जाणे हा क्रमांक ४, गाल वर उचलले जाणे हा ६, ओठांचे कोपरे वर खेचले जाणे हा १२. सहा आणि बारा एकत्र दिसले, म्हणजे द्युशेनने सांगितलेले खरे हसू. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही दृष्टीचे ३६ आणि भुवयांच्या हालचालींचे ७ प्रकार वर्णिले आहेत. पण तेथील हेतू नेमका उलटा आहे. नटाने भाव प्रेक्षकांपर्यंत पोहोचवावा म्हणून ते शास्त्र रचले गेले. नट भाव दाखवितो. रस्त्याने आपल्याच विचारात चाललेल्या माणसाने तसे काही पत्करलेले नसते.

आता संगणकाकडे वळू. त्याच्या लेखी छायाचित्र म्हणजे कमी-अधिक प्रकाशाच्या बिंदूंचा समूह. त्या समूहातून तो प्रथम चेहरा शोधतो व डोळे, भुवया, ओठ यांच्या जागा टिपतो. हसरा चेहरा कसा असतो, हे त्याला आपण होऊन कळत नाही. त्यासाठी माणसांनी नावे दिलेली हजारो चित्रे त्याला आधी पुरवावी लागतात. २०१३ साली अशा प्रणालींच्या एका स्पर्धेसाठी ३५,८८७ चेहऱ्यांचा संग्रह करण्यात आला. भावनांशी निगडित शब्द देऊन ती चित्रे इंटरनेटवरून गोळा केली होती. एकेक चित्र ४८ बिंदू लांब व ४८ बिंदू रुंद, म्हणजे अवघ्या २,३०४ करड्या बिंदूंचे! प्रत्येकावर राग, किळस, भीती, आनंद, दुःख, आश्चर्य किंवा ‘भावरहित’ यांपैकी एक शिक्का मारलेला. गंमत अशी, की ही चित्रे माणसांनाच ओळखावयास दिली, तेव्हा त्यांचे उत्तर शिक्क्याशी शंभरांत सुमारे ६५ वेळाच जुळले. तेव्हा यंत्र ‘राग, ९० टक्के’ असे सांगते, त्याचा अर्थ एवढाच, की पुढचा चेहरा रागाचा शिक्का असलेल्या चित्रांशी फार मिळताजुळता आहे. त्या माणसाच्या मनात यंत्राने डोकावलेले नसते.

लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील संशोधनाचा विस्तृत आढावा २०१९ साली प्रसिद्ध केला. रागावलेली माणसे कपाळाला आठ्या घालतात खरी, पण तसे सरासरीने शंभरांत सुमारे ३० वेळाच घडते, असे त्यातून दिसले. उरलेल्या वेळी कोणी गप्प बसतो, कोणी रडतो, कोणी हसतोसुद्धा. उलट, राग नसतानाही आठ्या पडतात. वर्गात आठ्या घालून बसणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. एखादा अवघड गणितात बुडालेला असे, एखाद्याचे पोट दुखत असे, आणि काहींना तर फळ्यावरची अक्षरेच दिसत नसत. जवळ जाऊन “काय रे, बरे वाटत नाही का?” एवढे विचारले, की उलगडा होई. वर्गाच्या भिंतीवरचा कॅमेरा त्या मुलाच्या नावापुढे ‘राग’ किंवा ‘अनास्था’ अशी नोंद करून मोकळा होईल, आणि ती नोंद खोडून काढण्याची संधी त्या मुलाला कधी मिळणारही नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. नोकरीसाठी मुलाखत देणाऱ्यांचे चेहरे संगणकाकरवी तपासणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने ही पद्धत सोडून दिल्याचे २०२१ साली जाहीर केले. मायक्रोसॉफ्टनेही चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सेवा मागे घेण्याचा निर्णय २०२२ साली घेतला. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार, कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या अशा प्रणाली वापरण्यास २ फेब्रुवारी २०२५ पासून मनाई आहे. वैद्यकीय उपचार आणि सुरक्षितता या दोन कारणांसाठी तेवढी सवलत ठेवली आहे.

चेहऱ्याकडे पाहणारा कॅमेरा मोटारीतही बसविलेला असतो. चालकाला डुलकी लागू लागली, की तो इशारा देतो. तेथे चालक सुखी आहे की दुःखी, हे यंत्राला कोणी विचारीत नाही. पापण्या किती वेळ मिटलेल्या राहिल्या, एवढेच ते मोजते.