खेळ बारा दिवसांचे, हिशेब आधीचा

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत दुकान मांडणाऱ्या व्यापाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. यात्रा उठली की उरलेल्या मालाची किंमतही उतरते. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा ही अशीच एक यात्रा असते. फरक इतकाच, की येथे गिऱ्हाईक समोर उभे राहून रोख पैसे देत नाही. मधे ठेकेदार असतो.

जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेचे उदाहरण घेऊ. विद्यार्थी खेळाडूंची ही स्पर्धा १९५९ साली इटलीतील तुरिन शहरात सुरू झाली. साधारणतः दर दोन वर्षांनी ती नव्या शहरात भरते. २०२३ साली चीनमधील चेंगदू येथे २८ जुलै ते ८ ऑगस्ट, तर २०२५ साली जर्मनीच्या ऱ्हाइन-रूर भागात १६ ते २७ जुलै, असे बारा-बारा दिवस ती चालली. २०१९ साली नेपल्स शहराने नवे क्रीडाग्राम बांधण्याऐवजी बरेच खेळाडू बंदरातील प्रवासी जहाजांवर उतरविले. जर्मनीनेही आहे त्याच मैदानांवर भर दिला. म्हणजे यजमान शहरे आता खर्च आखडता घेतात. ‘स्पर्धा आली की सर्वांना काम’ हा समज खरा नाही.

पुण्याचा अनुभव

भारतात ही स्पर्धा अद्याप झालेली नाही. महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाली. खेळ आठवड्यात संपले. पण बालेवाडीचे क्रीडासंकुल मुळात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभे राहिले होते, आणि २०१९ साली खेलो इंडिया युवा स्पर्धाही तेथेच भरली. अशा संकुलाला गाद्या, पडदे, सुतारकाम, वेल्डिंग, रंगकाम वर्षानुवर्षे लागते. यावरून धडा असा, की झेंडे विकणाऱ्याचा धंदा आठवड्याचा आणि दुरुस्ती करणाऱ्याचा कायमचा.

आता हा विषय आपल्या दाराशी आला आहे. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने अहमदाबाद गाठता येते. आपल्याकडे शिवणकाम आहे, बांबूकाम आहे, मिरचीचा मोठा बाजार आहे. हजारो माणसांच्या भोजनाला मसाला लागणारच. पण मोठे ठेके मोठ्या कंपन्यांना जातात आणि आपल्यापर्यंत त्यातील तुकडा पोहोचतो. त्या तुकड्याचे पैसे कधी मिळतील, हाच खरा प्रश्न आहे.

उधारीचे गणित

समजा, एका कारागिराने १,००० कापडी पिशव्यांची ऑर्डर घेतली. एका पिशवीला खर्च ४२ रुपये, भाव ५० रुपये. नफा ८,००० दिसतो. पण ४२,००० रुपयांचे भांडवल पाच महिने अडकले तर? तेच भांडवल आपल्या दुकानात फिरून महिन्याला ३,००० रुपये मिळवून देत असेल, तर पाच महिन्यांत १५,००० बुडाले. म्हणजे आठ हजार मिळविण्यासाठी पंधरा हजार घालविले. शिवाय कारागिरांची मजुरी तर दर आठवड्याला द्यावीच लागते.

कायद्याचा आधार

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदतीचा करारच नसेल तर ती १५ दिवसांची धरतात. उशीर करणाऱ्यावर व्याजाचा बोजा पडतो. ते व्याज घ्यावे की नाही हे ज्याने-त्याने ठरवावे, परंतु मूळ रकमेसाठी सुलभीकरण परिषदेकडे दाद मागण्याचा मार्ग मोकळा आहे.

यासाठी ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती विनामूल्य आहे. ऑर्डर घेण्यापूर्वीच ती करून ठेवावी, वाद झाल्यावर धावपळ करू नये. मात्र एक बाब ध्यानात असू द्यावी. २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरताच आहे. ४५ दिवसांचे संरक्षण माल बनविणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्याने इसार घेतल्याशिवाय माल सोडू नये.

ऑर्डर घेण्यापूर्वी

१. भाव, नग, पोहोचविण्याची तारीख आणि पैसे देण्याची तारीख कागदावर घ्यावी. तोंडी शब्दावर कापड कापू नये.

२. निम्मी रक्कम, निदान कच्च्या मालाइतकी तरी, आगाऊ मागावी.

३. माल दिल्याची सही-शिक्क्याची पोच जपून ठेवावी. पंधरा दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर माल स्वीकारला असे कायदा मानतो.

४. स्पर्धेचे बोधचिन्ह वा शुभंकर परवान्याशिवाय छापू नये. माल जप्त होऊ शकतो.

५. परराज्यात माल विकण्यासाठी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. काही ठरावीक हस्तकला वस्तूंना सवलत आहे. आपली वस्तू त्यात बसते का, हे कर सल्लागाराला विचारावे.

६. स्पर्धेनंतरही विकला जाईल असाच माल बनवावा. साधी पिशवी पुढच्या वर्षीही खपते, तारीख छापलेली खपत नाही.

नवख्याने एकदम अहमदाबादची उडी घेऊ नये. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आणि आपल्या महाविद्यालयांच्या स्पर्धांना गणवेश, चटया, मंडप लागतातच. तेथे लहान ऑर्डर घ्यावी, वेळेत पुरवावी, बिल द्यावे आणि वसूल करण्याची सवय लावून घ्यावी. तीच बिले पुढे मोठ्या ठेकेदारासमोर आपली ओळख ठरतील.