हायब्रीड मोटार : घेण्यापूर्वी किलोमीटरचा हिशेब

पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून पुसदच्या बाजारपेठेत एक प्रश्न वारंवार कानावर येतो. हायब्रीड मोटार घ्यावी काय? आपले गाव डोंगरांच्या मधोमध वसलेले. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 2024 साली सुरू झाला, तरी आपला व्यापारी आजही रस्त्यावरच अवलंबून आहे. अमरावतीच्या सिटीलँड-बिझीलँडमध्ये माल पाहायला जायचे असो, नागपूरच्या गांधीबागेत जायचे असो, की उमरखेड, महागाव, दिग्रसची वसुली असो, गाडीशिवाय भागत नाही. म्हणून हा प्रश्न हौसेचा नाही, धंद्याच्या खर्चाचा आहे. त्याचे उत्तरही धंद्याच्याच पद्धतीने, वही-पेन घेऊन काढले पाहिजे. या लेखात आम्ही तेच करणार आहोत.

हायब्रीड म्हणजे नेमके काय?

बाजारात तीन निरनिराळ्या गोष्टी या एकाच नावाने विकल्या जातात. कापडात कॉटन, टेरीकॉट आणि पॉलिस्टर यांचा भाव एक नसतो, तसेच येथेही आहे.

पहिला प्रकार 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रीड. यात पेट्रोल इंजिनाला एक लहान विद्युत यंत्र थोडासा हात देते. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन बंद होते व पुन्हा अलगद सुरू होते. मात्र निव्वळ विजेवर ही गाडी चालत नाही. मारुतीने 2015 साली सियाझ डिझेलमध्ये ही पद्धत आणली. केंद्र सरकारने 1 एप्रिल 2017 पासून या प्रकाराला फेम योजनेच्या सवलतीतून वगळले. बचत थोडी, म्हणून सवलतही नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

दुसरा प्रकार 'स्ट्राँग' म्हणजे पूर्ण हायब्रीड. यात इंजिन आणि विद्युत मोटार दोन्ही चाके फिरवू शकतात. हळू वेगात गाडी काही अंतर फक्त विजेवर जाते. बॅटरी घरी चार्ज करावी लागत नाही. ब्रेक दाबताना किंवा उतारावर जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिचीच वीज होऊन बॅटरीत साठते. टोयोटाने 1997 साली जपानमध्ये प्रियस आणून ही पद्धत रूढ केली. आपल्याकडे मध्यम किमतीत ती 2022 साली आली. होंडा सिटी ई-एचईव्ही, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या तिन्ही गाड्या त्याच वर्षीच्या.

तिसरा प्रकार 'प्लग-इन' हायब्रीड. याची बॅटरी मोठी असते व ती भिंतीच्या सॉकेटवरून चार्ज करता येते. रोजचा गावातला फेरा विजेवर आणि लांबचा प्रवास पेट्रोलवर, अशी सोय होते. चीनच्या बीवायडी कंपनीने 2008 मध्ये अशी गाडी विक्रीला काढली. फेब्रुवारी 2024 मध्ये तर तिने 79,800 युआनला, म्हणजे सुमारे 9 लाख रुपयांना, प्लग-इन गाडी तेथील बाजारात आणली. आपल्याकडे मात्र हा प्रकार व्होल्वो, बीएमडब्ल्यू अशा महागड्या विदेशी गाड्यांपुरताच राहिला आणि त्यांची किंमत कोटीच्या घरात जाते. तेव्हा परवडणारी प्लग-इन गाडी हा विषय आपल्यापुरता बाजूला ठेवावा. निवड करायची ती साधी पेट्रोल गाडी आणि पूर्ण हायब्रीड यांत.

फायदा कोठे होतो, कोठे होत नाही

जेथे गाडी थांबते, निघते, पुन्हा थांबते तेथे हायब्रीडचा फायदा सर्वांत जास्त. शहरातली गर्दी, गावातल्या गल्ल्या, घाटातील वळणे ही तिची खरी जागा. याउलट मोकळ्या महामार्गावर एकाच वेगाने तासन्‌तास जाताना ब्रेक फारसा लागत नाही, वीज तयार होत नाही, आणि बहुतेक काम इंजिनालाच करावे लागते.

घाट आहे म्हणून फार मोठी आशाही धरू नये. ग्रँड विटाराच्या पूर्ण हायब्रीडमधील बॅटरी 0.76 युनिट एवढीच आहे. लांब उतारावर ती लवकर भरते व त्यापुढची शक्ती साठत नाही.

कंपनी म्हणते, ही गाडी लिटरला 27.97 किलोमीटर धावते. हा आकडा ठरावीक चाचणीत मिळालेला असतो. ठाण्यावरचा छाप वाचून आपण माल घेत नाही, मीटर लावून मोजतो. तोच नियम येथे लावावा.

मुख्य हिशेब

आता वही उघडू. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरू. गाव आणि बाहेरगाव असा मिश्र वापर असेल तर साध्या गाडीचे अ‍ॅव्हरेज 16 आणि पूर्ण हायब्रीडचे 22 धरू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या अनुभवाचे आकडे घालावेत.

साध्या गाडीला दर किलोमीटरला 6 रुपये 56 पैसे लागतात. हायब्रीडला 4 रुपये 77 पैसे. बचत किलोमीटरमागे 1 रुपया 79 पैसे.

आता जादा किंमत पाहू. 2022 साली ग्रँड विटारा बाजारात आली तेव्हा अल्फा हा साधा गिअरचा प्रकार 15 लाख 39 हजारांना होता आणि अल्फा प्लस ही पूर्ण हायब्रीड 19 लाख 49 हजारांना. फरक 4 लाख 10 हजार. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के वाहनकर असल्याने या फरकावर आणखी 49 हजार चढतात. एकूण 4 लाख 59 हजार. याला 1 रुपया 79 पैशांनी भागा. उत्तर येते सुमारे 2 लाख 56 हजार किलोमीटर. एवढे धावल्यावर जादा पैसा वसूल होतो, नफा त्यानंतर.

ही हायब्रीड गाडी ऑटोमॅटिक असते. म्हणून ज्याला तशीही ऑटोमॅटिकच घ्यायची आहे, त्याने तुलना ऑटोमॅटिकशी करावी. त्या वेळी अल्फा ऑटोमॅटिकची किंमत 16 लाख 89 हजार होती. फरक करासह सुमारे 2 लाख 91 हजार, आणि वसुली सुमारे 1 लाख 63 हजार किलोमीटरला.

येथे एक आकडा सर्वांनी लक्षात ठेवावा. मारुती, टोयोटा आणि होंडा या तिन्ही कंपन्यांनी हायब्रीड बॅटरीची हमी 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी दिली. बॅटरी त्यानंतर लगेच जाईल असे नाही. पण गेली तर खर्च आपला. म्हणून आमचे म्हणणे असे की जादा दिलेला पैसा हमीच्या आतच वसूल झाला पाहिजे. 1 लाख 60 हजारांना 1 रुपया 79 पैशांनी गुणले की 2 लाख 86 हजार येतात. मिश्र वापर असणाऱ्याने हायब्रीडसाठी यापेक्षा जास्त रक्कम मोजू नये. वरच्या उदाहरणात साध्या गिअरच्या गाडीशी तुलना केली तर सौदा तोट्यात जातो. ऑटोमॅटिकशी केली तर काठावर येतो.

आणि केवळ महामार्गावर फिरणारा असेल तर? समजा साध्या गाडीचे अ‍ॅव्हरेज 18 आणि हायब्रीडचे 20 पडले. मग किलोमीटरमागे बचत उरते अवघी 58 पैसे. हमीच्या संपूर्ण अंतरात मिळून बचत 93 हजार रुपये. त्यासाठी चार-साडेचार लाख जादा घालणे म्हणजे मुद्दलातून नफा वाटण्यासारखे आहे.

हमी वर्षांतही मोजायची असते. महिन्याला सुमारे 1,650 किलोमीटरपेक्षा कमी धावणाऱ्याचे आठ वर्षांत 1 लाख 60 हजार पूर्णच होत नाहीत. त्याची मर्यादा आणखी खाली येते. महिन्याला 800 किलोमीटर धावणाऱ्या दुकानदाराला आठ वर्षांत मिश्र वापरात सुमारे 1 लाख 37 हजार रुपयेच वाचतील.

कर आणि भांडवल

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. त्यापूर्वी चार मीटरपेक्षा लांब, दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या साध्या गाडीला उपकर धरून 45 टक्के आणि तशाच हायब्रीडला 43 टक्के कर होता. आता दोन्हींना 40 टक्के. म्हणजे हायब्रीडला असलेली दोन टक्क्यांची सूटही गेली. याउलट चार मीटरच्या आतील, 1200 सीसीपर्यंतची लहान पेट्रोल गाडी 29 वरून 18 टक्क्यांवर आली. ज्याचे काम लहान गाडीत भागते त्याने आधी तिचा विचार करावा. किमतीही यानंतर बदलल्या आहेत. म्हणून विक्रेत्याकडून दोन्ही गाड्यांची रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण किंमत लेखी घ्यावी आणि वरचा भागाकार नव्या आकड्यांनी करावा.

जीएसटी परत मिळेल या आशेवर राहू नये. सर्वसाधारण व्यापाऱ्याला प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. मालवाहू गाडीवर मिळू शकते. आयकरात मोटारीची घसारा-वजावट सामान्यतः वर्षाला 15 टक्के आहे, पण जे व्यापारी उलाढालीवर अंदाजे नफा दाखवण्याच्या योजनेत आहेत त्यांना ती वेगळी मिळत नाही. गाडी खासगी कंपनीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात वाहनकर व्यक्तीपेक्षा बराच जास्त पडतो, हेही आधी विचारून घ्यावे.

जादा रक्कम कर्जाने उभी केली तर 4 लाख 59 हजारांवर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे 1 लाख 13 हजार व्याज जाते. ते वसुलीच्या हिशेबात धरलेच पाहिजे. आपल्यातील अनेक बांधव व्याजापासून दूर राहतात. त्यांची रक्कम मात्र दुकानाच्या भांडवलातून निघते. आपल्या भागात कापूस-सोयाबीनचा पैसा शेतकऱ्याच्या हाती आला की कापडाला गिऱ्हाईक येते. त्या वेळी गल्ल्यात पैसा नसेल तर माल उधारीवर, चढ्या भावाने घ्यावा लागतो. गाडीने पेट्रोल वाचवले आणि दुकानाचा हंगाम घालवला, असे होऊ देऊ नये.

मालाची जागा आणि देखभाल

कापडवाल्यांनी डिकी उघडून पाहावी. बॅटरी मागे बसवल्याने जागा कमी होते. होंडा सिटीच्या साध्या प्रकारात डिकी 506 लिटर होती, 2022 च्या हायब्रीडमध्ये 306 लिटर. ग्रँड विटारा-हायरायडरमध्येही सुमारे शंभर लिटरचा फरक पडतो. नमुन्यांच्या दोन बॅगा आणि साड्यांचे गठ्ठे सोबत नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहावेत.

दुसरी गोष्ट फार कमी विक्रेते सांगतात. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रीडमध्ये बॅटरी थंड ठेवण्यासाठी मागच्या सीटजवळून हवा ओढली जाते. त्या जाळीवर गठ्ठे रचले किंवा कापडाचा तूस आणि धूळ तिच्यात साचली तर बॅटरी तापते. जाळी मोकळी ठेवावी, गाळणी वेळेवर साफ करून घ्यावी.

या गाड्यांत नारिंगी रंगाच्या केबलमधून मोठ्या दाबाची वीज जाते. तिला माहितगार माणसाशिवाय कोणी हात लावू नये. घेण्यापूर्वी विचारावे की हायब्रीड दुरुस्त करणारा कंपनीचा माणूस जवळात जवळ कोठे बसतो, आणि गाडी बंद पडली तर उचलून कोठे नेणार. आपल्या समाजातील गॅरेजवाल्या तरुणांनी हे शिक्षण घेतले तर त्यांना पुढील काळात काम कमी पडणार नाही, असे आम्हाला वाटते.

जुनी हायब्रीड घेणाऱ्याने कंपनीच्या कार्यशाळेत बॅटरीची तपासणी करून कागद घ्यावा, हमी किती उरली व ती नव्या मालकाला चालते काय ते लेखी विचारावे. 2008 ची होंडा सिव्हिक हायब्रीड आणि 2010 ची प्रियस या दोन्ही गाड्या आपल्या देशात आल्या आणि बंदही झाल्या. ज्या गाडीची विक्री बंद झाली तिचे सुटे भाग मिळवणे मालकाच्या वाट्याला येते.

कोणी घ्यावी?

ज्याचे धावणे महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या वर आहे, त्यातील मोठा भाग गर्दीचा किंवा घाटाचा आहे, ज्याला ऑटोमॅटिक हवीच आहे आणि ज्याची जादा रक्कम भांडवलाला धक्का न लावता निघते, त्याने हायब्रीड जरूर पाहावी. बाकीच्यांनी लहान पेट्रोल गाडी घ्यावी. जवळ पंप असेल तर सीएनजीही पाहावी. माल टेम्पोने आणावा.

घेण्याचा विचार असणाऱ्यांनी आजपासून एक महिना गाडीचे मीटर रोज वहीत लिहावे : किती किलोमीटर, गावात किती, हायवेला किती, पेट्रोल किती. महिनाअखेरीस ते चार आकडे आणि विक्रेत्याची लेखी किंमत समोर ठेवली की कोणाचा सल्ला घेण्याची गरज उरणार नाही.