रस कमी, साल जास्त

संत्र्याचे पॅनकेक म्हटलं की बहुतेकांचा हात आधी रसाकडे जातो, आणि बेत बिघडतो तो तिथेच. आमच्याकडे भाचीने एकदा दूध-ताक बाजूला ठेवून नुसत्या रसात मैदा भिजवला. तव्यावरून उतरले ते चपटे, चिवट, मधोमध ओलसर. आणि एवढा रस घालूनही संत्र्याचा वास जवळजवळ नाहीच. पोरांनी मध ओतून कसेबसे संपवले.

वास रसात असतोच कुठे फारसा? तो सालीच्या वरच्या नारिंगी थरातल्या तेलात असतो. साल दुमडली की डोळ्यांत उडतो तो फवारा त्याच तेलाचा. रसातून मिळतं ते आंबट पाणी. सोड्याशी गाठ पडली की हा आंबटपणा लगेच वायू सोडतो. पीठ वाडग्यातच फसफसतं आणि तव्यावर पडेपर्यंत त्यातला जोर ओसरतो.

म्हणून आधी साल किसा, मग फळ चिरा. सोललेल्या फळाची साल किसणं म्हणजे बोटं सोलून घेणं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, किसणीखाली दबते आणि खालचा पांढरा पापुद्राही खरवडला जातो. तो कडू. त्यामुळे घट्ट सालीचं, कडक फळ निवडा आणि एका जागी किसणी एकदाच फिरवा. मोसंबी या कामाला सोपी. कागदी लिंबाची साल फारच पातळ, तिथे हात आणखी हलका हवा. दुकानातल्या चकचकीत फळावर मेणाचा लेप असू शकतो. कोमट पाण्यात चोळून धुवा. कीस साखरेत घालून बोटांनी चोळला की साखर ओलसर होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. सगळ्या कृतीत मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते.

एक कप मैदा, एक टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून सोडा, चिमूटभर मीठ. दुसऱ्या वाडग्यात पाऊण कप दाटसर ताक, एक अंडं, एक टेबलस्पून वितळलेलं लोणी आणि एका संत्र्याच्या किसाने माखलेली टेबलस्पूनभर साखर. रस हवाच असेल तर दोन टेबलस्पून, आणि तेवढंच ताक कमी. सोडा वाढवून पॅनकेक जास्त फुलत नाहीत, साबणासारखे लागतात मात्र.

धिरड्याचं पीठ गुठळी मोडेपर्यंत घोटायची आपल्या हाताला सवय असते. इथे ती आवरा. मैदा जितका ढवळाल तितका चिवट होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. बारीक गुठळ्या राहू द्या. पीठ दहा मिनिटं झाकून ठेवलं की त्या आपोआप मऊ पडतात. अंड्यातलं पांढरं वेगळं फेसून शेवटी मिसळलं तर पॅनकेक आणखी हलके होतात हे खरं, पण सकाळच्या घाईत तो खटाटोप कोण करणार? पाहुणे असले तरच मी तो करते.

तवा मध्यम आचेवर तापवा, तेलाचा नुसता हात फिरवा. वरचे बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली आणि कडा कोरड्या दिसल्या की एकदाच उलटा. उलथन्याने दाबू नका, आत धरलेली हवा निघून जाते. तयार पॅनकेक डब्यात झाकूनही ठेवू नका, वाफेने लिबलिबीत होतात. जाळीवर ठेवा आणि सोललेल्या फोडींबरोबर गरम असतानाच वाढा.