*मृगाआधी पत्रा तपासा: गंज आणि गळतीची दुरुस्ती*



मृग लागला की आपल्या पिरंगुट-पौड पट्ट्यात पत्र्यावर चढायची सोय राहत नाही. पोत्यातल्या इंद्रायणीवर पाणी ठिबकलं की भाताला बुरशी लागते, बियाणं ठेवलं असेल तर उगवण जाते. म्हणून मे महिन्यातच हे काम उरका.

*गंज कुठे बघायचा?*
पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो गेला की खालचं लोखंड गंजतं. सुरुवात बहुतेक स्क्रूच्या भोकाशी, दोन पत्र्यांच्या जोडात आणि कापलेल्या कडेला होते. गोठ्यात शेण-मुताच्या वाफेने पत्रा *आतूनही* गंजतो, तो खालून बघा. खताची पोती पत्र्याला टेकवू नका.

*गळती कशी शोधायची?*
दुपारी आत उभं राहून वर बघा. जिथून उजेड येतो तिथे खडूने खूण करा. पाणी पाईपवरून वाहत येऊन दुसरीकडेच ठिबकतं, म्हणून ठिबकणाऱ्या जागेच्या *चढाकडे* शोधा. तरी सापडली नाही तर एकाने वर पाणी सोडावं, खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर. दुसऱ्याने आतून बघावं.

*दुरुस्ती*
१) पाला-माती झाडा. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, पुसून पूर्ण कोरडं करा.
२) गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमर, तो वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात.
३) स्क्रूचा रबरी वॉशर तडकला असेल तर बदला. भोक मोठं झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू घ्या. स्क्रू पत्र्याच्या *उंचवट्यावर* हवा, खोलगट भागात पाणी वाहतं. फार आवळू नका, वॉशर फाटतो.
४) खिळ्याएवढ्या भोकावर डांबरी फॉइल टेप दाबून लावा. त्याहून मोठं असेल तर जस्ती पत्र्याचा तुकडा चारी बाजूंनी ३-४ इंच जास्त कापा, खाली सीलंट भरून रिव्हेट मारा.
५) सिमेंट थापू नका. ओलं सिमेंट जस्त खातं आणि पत्रा उन्हात फुगला की तडकतं.
६) बोटाने दाबल्यावर पत्रा चुरत असेल तर ठिगळ टिकणार नाही, तो पत्राच बदला. नवा बसवताना वरचा पत्रा खालच्यावर किमान ६ इंच चढवा. आडव्या जोडाची उघडी कड पश्चिमेकडे ठेवू नका, पावसाळी वारा तिकडूनच पाणी आत ढकलतो.

*⚠️ जीव आधी, पत्रा नंतर*
• गंजलेला पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. स्क्रूच्या ओळीवर, म्हणजे खाली पाईप आहे तिथेच, फळी टाकून चाला.
• एकट्याने चढू नका. शिडी धरायला माणूस आणि कमरेला दोर हवाच.
• पत्र्याला वायर लागलेली असेल तर आधी मेन स्विच बंद करा.
• ओल्या पत्र्यावर पाय ठेवू नका.
• सिमेंटचा जुना पत्रा असेल तर घासू नका, भोक पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतो, ती धूळ फुप्फुसाला घातक आहे.

दुरुस्ती झाली तरी पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर रचा.

शंका असेल तर पत्र्याचा फोटो ग्रुपवर टाका. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या शेजाऱ्यांना हा संदेश वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पिरंगुट