कोरडवाहू गावात शेती शिकवताना



सोलापूर जिल्ह्यात शेती शिकवायची तर सुरुवात पावसाच्या हिशेबापासून करावी. इथे वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि त्याचा भरवशाचा भाग सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर पडतो. म्हणूनच इथले मूळ पीक रब्बी ज्वारी. भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती थंडीत वाढते. उजनी धरणाचे पाणी आले तसा ऊस वाढला, कारखाने उभे राहिले. पण कालव्याबाहेरच्या गावाने उसाची स्वप्ने पाहिली की ते बोअरमागून बोअर घेत कर्जात जाते. गावात शेती शिकवणाऱ्या कृषिसखीने पहिली बैठक याच हिशेबाची घ्यावी: विहिरी कोणत्या महिन्यात तळ गाठतात, आणि आहे त्या पाण्यात कोणते पीक बसते.

इथे शिकवणाऱ्याला बरेच काही तयार मिळते. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३३ सालापासून चालू आहे. मोहोळच्या केंद्रात स्थानिक वाणातून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही शेतकऱ्याच्या विश्वासाची आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बांधावरच्या म्हाताऱ्या माणसांना जे ठाऊक आहे ते आधी विचारून घ्यावे. नव्या गोष्टी त्यानंतर.

ज्वारीचेच उदाहरण घ्यावे, कारण त्यात सगळा धडा सापडतो. पावसाळ्यात रान उतारास आडवे बांधून बंदिस्त सारे काढले की पडलेले पाणी जागीच मुरते. पेरणी उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, म्हणजे साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्याआधी पेरल्यास खोडमाशी पोंगे मारते, उशीर केल्यास ओल उडते. दोन चाड्यांच्या पाभरीने बी आणि खत एकाच वेळी ओलीत पडते. हेक्टरी १० किलो बी पुरते. पेरणीपूर्वी किलोभर बियाला ४ ग्रॅम गंधक चोळले की काणी टळते; एवढ्या स्वल्प खर्चाचा दुसरा उपाय क्वचितच असेल. मग कोळपण्या: पहिली तीन आठवड्यांनी, दुसरी पाच आणि तिसरी आठ आठवड्यांनी. तिसरी दातेरी कोळप्याने करतात, कारण तोवर जमिनीला भेगा पडू लागतात आणि त्या भेगांतूनच ओल निघून जाते. भुसभुशीत मातीने भेग बुजली की एक पाणी दिल्यासारखे होते. ही गोष्ट फळ्यावर समजत नाही. कोळपलेल्या आणि न कोळपलेल्या दोन पट्ट्यांत डिसेंबरात हातभर खोल माती उकरून ती मुठीत दाबायला द्यावी. समजावून सांगण्याचे फारसे काम उरत नाही.

शिकवण्याची ही रीत जुनी आणि पारखलेली आहे. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातासाठी शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी ठरलेल्या दिवशी पिकात उतरून कीड आणि मित्रकीटक स्वतः मोजत, आणि फवारायचे की नाही ते स्वतः ठरवत. महाराष्ट्रात प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने शेतकऱ्यालाच प्रयोग करणारा मानले. दहा गुंठ्यांत कुटुंबाचे पोट भरण्याचा त्यांचा विचार अल्पभूधारक घरात आजही बोलून दाखवावा असा आहे.

बायकांशी बोलताना एक अडचण उघडपणे समोर ठेवावी. शेतात राबते बाई, पण काय पेरायचे ते बहुधा घरातला पुरुष ठरवतो. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने मराठवाड्यात आणि सोलापूर भागात यावर वाट काढली: घरच्या रानातला एक एकर बाईने मागून घ्यायचा आणि त्यात कडधान्ये, धान्य, भाजीपाला असे मिश्र पीक घ्यायचे. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एकर न मिळाल्यास पाच गुंठे मागावेत, तेही न जमल्यास परसबाग. सांडपाण्याच्या वाटेवर अळू आणि पपई, कुंपणावर दोडका, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता. पाणी वेगळे लागत नाही, आणि घराचा निम्मा भाजीखर्च तरी वाचावा एवढा हेतू ठेवावा.

फवारणीसाठी निंबोळी अर्कापासून सुरुवात करावी. कडुनिंब या जिल्ह्यात बांधोबांधी आहे आणि पावसाळ्याच्या तोंडाला निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, वाळवून ठेवाव्यात. फवारणीच्या आदल्या रात्री ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून थोडे साबणाचे पाणी घालावे आणि एकूण १०० लिटर करावे. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावे. शिळा अर्क कामाचा नाही. मावा, तुडतुडे, कोवळ्या अळ्या यांवर तो चालतो. डाळिंबाच्या तेल्या रोगावर मात्र तो उपाय नाही, आणि तसे कोणी सांगत असल्यास तिथेच थांबवावे. डाळिंबाच्या प्रश्नासाठी सोलापुरातच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. शेतकऱ्याला तिकडचा रस्ता दाखवणे हेही शिकवणेच.

नवे काही करायचे ते आधी दोन-चार गुंठ्यांत, शेजारी नेहमीच्या पद्धतीचा तेवढाच पट्टा ठेवून. बी, खत, मजुरी, पाणी यांची नोंद वहीत त्या त्या दिवशी करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की दोन्ही पट्ट्यांचे धान्य वेगळे तोलावे आणि कडब्याच्या पेंढ्याही वेगळ्या मोजाव्यात. ज्याच्या दावणीला जनावर आहे तो ज्वारीचे मोल कडब्यावरही करतो. नुसत्या धान्याचा आकडा त्याला पटत नाही. हे आकडे गावच्या बैठकीत ज्याच्या रानात प्रयोग झाला त्यानेच सांगावेत. फसलेल्या प्रयोगाचेही सांगावेत, कारण शेजाऱ्याचा पुढच्या वर्षीचा खर्च त्याने वाचतो.